लेकीसाठी जुनी गाडी घेताना : भाव नंतर, आधी कागद आणि ब्रेक

माझा मोठा भाऊ कुवेतला असतो. त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या पुतणीला, मार्चमध्ये अठरा पूर्ण झाली. कॉलेज आमच्या गावापासून २२ किलोमीटर. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, त्यामुळे प्रश्न पैशाचा नव्हता, वेळेचा होता. प्रॅक्टिकल पाचला संपते, गावाकडची शेवटची गाडी साडेपाचची. ती चुकली की अंधारात फाट्यावर उभे राहायचे. एक दिवस भावाचा व्हॉट्सअॅपवर आवाज आला, "तीन लाख पाठवतो. तिच्यासाठी एखादी सेकंड हँड गाडी बघ. तू मास्तर आहेस, तू नीट बघशील."

मास्तर असण्याचा आणि गाडी नीट बघण्याचा काही संबंध नसतो, हे मी आधीच पैसे मोजून शिकलो होतो. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास मी स्वतःसाठी एक गाडी घेतली, एक लाख साठ हजाराला. मस्त पॉलिश, नवी सीट कव्हर, आरशाला अत्तराची बाटली. शंका यायला जागाच नव्हती; खरे तर तिथेच यायला हवी होती. दोन महिन्यांत पॉवर विंडो बंद पडली, मग मीटर. आणि एका रात्री, बायको-मुले गाडीत असताना, घाटाच्या वळणावर दोन्ही हेडलाइट गेले. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनने सीट काढून खालचे कार्पेट उचलले, तर तळाला सुकलेला गाळ. गाडी पुरात बुडालेली होती. सत्तर हजार दुरुस्तीत गेले. नंतर विकताना मी घेणाऱ्याला सगळा ऐब सांगितला, म्हणून निम्मेच पैसे आले. ते बरोबरच होते.

त्यामुळे यावेळी भावाचे पैसे आणि पोरीची जान, दोन्ही अमानत समजून दीड महिना घालवला. त्यात जे कळले ते इथे लिहितो. ज्या घरात सतरा-अठरा वर्षांचे मूल "गाडी कधी घ्यायची?" विचारतेय, त्यांना उपयोगी पडेल.

गाडीच्या आधी लायसन्स

चारचाकीसाठी वयाची अट अठरा पूर्ण. सोळाव्या वर्षी मिळते ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचे लायसन्स, तेही पालकांच्या संमतीने. मी शाळेत रोज पाहतो, अकरावीतला मुलगा वडिलांची गाडी घेऊन येतो आणि वडील कौतुकाने सांगतात, "आमचा बारा वर्षांचा असल्यापासून चालवतो." त्यांना मोटार वाहन कायद्यातले कलम १९९-अ माहीत नसते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमाप्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. म्हणजे एका दिवसाच्या लाडापायी पोराची सात-आठ वर्षे गेली.

अठरा झाल्यावर आधी लर्निंग लायसन्स. ते सहा महिने चालते आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्ससाठी टेस्ट देता येते. लर्निंगवर असताना गाडीला पुढे-मागे 'एल' लावायचा आणि शेजारी पक्के लायसन्स असलेला माणूस, गाडी थांबवता येईल असा बसलेला हवा. हे पाळले नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. आम्ही गाडी शोधायला सुरुवात केली ती पुतणीच्या हातात पक्के लायसन्स आल्यावर. दारात गाडी उभी असली की 'आज एकदाच' म्हणत किल्ली हातात जातेच.

तीन लाखांची गाडी तीन लाखांना घ्यायची नाही

पहिली चूक इथेच होते. खिशात तीन लाख असले की आपण तीन लाखांचीच गाडी बघतो. मग ट्रान्सफर, विमा, टायर, बॅटरी यांना पैसे उरत नाहीत आणि घासलेल्या टायरवर पोर रस्त्यावर जाते. आम्ही हिसाब असा केला : गाडीला अडीच लाख, विमा आणि कागदपत्रांना वीस हजार, आणि घेतल्याबरोबर करायच्या कामाला तीस हजार. छोट्या गाडीचे चार टायर बारा ते पंधरा हजारांपर्यंत जातात, बॅटरीचे चार-पाच हजार, शिवाय ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड. तीस हजार बघता बघता संपतात.

आपल्या बऱ्याच घरांत व्याजाच्या लोनला हात लावत नाहीत. जुन्या गाडीच्या लोनचा दर तसाही नव्या गाडीपेक्षा जास्त असतो. म्हणून जेवढे हातात आहे तेवढ्यातच बसवायचे, हे एका परीने बरे. भाव करताना 'थोडे वर गेले तरी चालेल' हे तोंडातून निघत नाही.

रोजचा खर्चही आधीच मांडावा. येऊन-जाऊन ४४ किलोमीटर, महिन्याचे २४ दिवस, म्हणजे १,०५६ किलोमीटर. लिटरला १८ ची सरासरी धरली तर साधारण ५९ लिटर, आणि १०५ रुपयांनी सहा हजार दोनशेच्या आसपास. आम्ही ठरवले की सकाळी एसटी होते त्या दिवशी एसटी, आणि प्रॅक्टिकलच्या तीन दिवशी गाडी. खर्च निम्म्यावर आला.

कोणती गाडी?

नव्या ड्रायव्हरसाठी छोटी पेट्रोल गाडी बरी. एवढ्या कमी चालवण्याला डिझेल परवडत नाही, आणि बीएस-६ डिझेलमध्ये धुराचा जो फिल्टर असतो तो रोजच्या छोट्या, थांबत-थांबत चालवण्याने तुंबतो. सीएनजी घेणार असाल तर कंपनी फिटेड घ्या. बाहेरून बसवलेल्या किटची आरसीवर नोंद आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झाली आहे का, हे बघा.

ज्या गाडीचे पार्ट तालुक्याच्या गावी मिळतात आणि जी नाक्यावरचा मेकॅनिक डोळे मिटून उघडतो, तीच आपली गाडी. वॅगन-आर, स्विफ्ट, सेलेरिओ, ग्रँड आय-टेन, टियागो या त्यातल्या. शेवरलेने भारतात विक्री २०१७ अखेर बंद केली, फोर्डने इथले उत्पादन बंद करण्याची घोषणा २०२१ मध्ये केली. या गाड्या स्वस्तात दिसतात, चालायलाही चांगल्या असतात, पण पार्टसाठी आठ-आठ दिवस थांबावे लागले तर पोरीचे कॉलेज बुडणार.

आता सगळ्यात महत्त्वाचे : एअरबॅग आणि एबीएस. आपल्याकडे स्वस्त गाडी म्हणजे बेस मॉडेल, आणि जुन्या बेस मॉडेलमध्ये बऱ्याचदा ही दोन्ही नसतात. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या एअरबॅगशिवाय ठोकून पाहिल्या. पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. त्यानंतर नियम बदलत गेले. एबीएस एप्रिल २०१९ पर्यंत सगळ्या नव्या गाड्यांना आले. जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीट बेल्टची घंटी आणि रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झाले. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या गाड्यांना सक्तीची झाली ती २०२२ पासून.

म्हणून नियम सोपा : जमले तर जुलै २०१९ नंतरची गाडी. बजेटमध्ये बसत नसेल तर त्याआधीची, पण वरच्या व्हेरिएंटची, दोन एअरबॅग आणि एबीएसवाली. मोठा स्क्रीन, मागचा कॅमेरा, अलॉय व्हील यांना एक रुपयाही जास्त देऊ नका. मुलांचे डोळे नेमके तिथेच जातात. पुतणीला लाल रंगाची एक गाडी फार आवडली होती, गाण्यांची सिस्टीम जोरदार. एअरबॅग एकही नव्हती. तिला एवढेच सांगितले, "बेटा, ही सिस्टीम ब्रेक लावत नाही."

गाडी बघायला जाण्याआधी कागद बघा

नंबर मिळाला की घरी बसून बरेच कळते. परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन अॅपवर नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा आणि पीयूसी कुठपर्यंत, फायनान्सचा बोजा आहे का, हे दिसते. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या साइटवर थकलेला दंड कळतो. एका गाडीवर आम्हाला अकरा हजारांचे चलन सापडले, सगळे ओव्हरस्पीडचे. ती गाडी कशी वापरली गेली तेही त्यातच कळले.

बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ शिवाय पुढे जायचे नाही. 'लोन फिटलेय, फक्त कागद यायचाय' यावर भरोसा ठेवू नका. कागद आला की मग बोलू. पंधरा वर्षांच्या जवळ आलेली गाडी स्वस्त वाटते, पण पंधराव्या वर्षी फेरनोंदणी आणि पर्यावरण कर भरावा लागतो आणि पुढे दर पाच वर्षांनी तेच. दिल्लीकडची डिझेल गाडी फार स्वस्त मिळत असेल तर कारण समजून घ्या : तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीचे आदेश आले, म्हणून त्या गाड्या बाहेरच्या राज्यांत येतात. इथे आणल्यावर एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवा नंबर, हा खर्च वेगळाच. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागली आहे का, तेही बघा.

एक बारीक युक्ती विमा पॉलिसीची. तिच्यावर 'नो क्लेम बोनस' लिहिलेला असतो. क्लेम न घेता वर्षे जात राहिली की तो २० टक्क्यांवरून ५० टक्क्यांपर्यंत चढतो. गाडी सात-आठ वर्षांची, मालक पहिलाच, आणि बोनस शून्य, म्हणजे नजीकच्या काळात क्लेम घेतला असण्याची शक्यता. विचारा, कशाचा क्लेम होता? आणि लक्षात ठेवा, हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. गाडीबरोबर तो तुम्हाला मिळत नाही.

गाडी समोर आल्यावर

सकाळी जा, उजेडात जा, पाऊस नसताना जा. ओल्या गाडीचा रंग कळत नाही. मालकाला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. थंड इंजिन पहिल्या सेल्फला उचलते का आणि सायलेन्सरमधून काय येते ते बघायचे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतेय. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर म्हणजे कूलंट आत जातेय. काळा म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही. ऑइलचे झाकण उघडून आतून बघा. दुधाळ चिकट थर असेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळत असू शकते.

मीटरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, ते मागे करणारे आहेत. ३५ हजार किलोमीटर दाखवतेय आणि क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत, स्टिअरिंग घासलेले, तर दोन्हीपैकी एक खोटे बोलतेय. सर्व्हिसची बिले मागा. प्रत्येक बिलावर त्या दिवशीचे किलोमीटर असतात.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. बोनेट आणि पुढच्या मडगार्डचे बोल्ट बघा, पाना लागून त्यांचा रंग उडालेला असेल तर तो भाग उघडलेला आहे. दरवाज्याच्या कडा, डिकीतल्या स्टेपनीची जागा, काचांवरची वर्षे तपासा. चॅसिस नंबर आरसीशी अक्षरन् अक्षर जुळवा.

पुराची गाडी ओळखायची तर माझ्यासारखे अत्तरावर जाऊ नका. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातीचा पट्टा दिसतो, कारण तिथपर्यंत कोणी धूत नाही. सीटच्या रुळांना आणि बोल्टना गंज आहे का, कार्पेटखाली हात घातल्यावर बारीक रेती लागते का, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का, हे बघा. कोकणात २०२१ आणि कोल्हापूर-सांगलीकडे २०१९ व २०२१ चे पूर आठवून त्या काळात गाडी कुठे होती ते विचारा.

मग चालवा. निदान वीस मिनिटे, चढावर, खड्ड्यातून, आणि रिकाम्या रस्त्यावर एकदा जोरात ब्रेक मारून. गाडी एका बाजूला ओढली जाते का? चढावर इंजिन ओरडते पण गाडी उचलत नाही, तर क्लच प्लेट गेली. शेवटी आपला मेकॅनिक न्या, विकणाऱ्याने सुचवलेला नाही. आमच्या मेकॅनिकने लिफ्टवर घेऊन स्कॅनर लावून हजार रुपये घेतले. त्याने दोन गाड्यांना 'नको' म्हटले. दोन हजारांत दोन लाख वाचले असे मी समजतो.

घरातल्या घरात सौदा असेल तर जास्त जपा

आपल्याकडे गाडी बऱ्याचदा मामूची, खालूची, शेजाऱ्याची घेतली जाते. "नाव नंतर करू, घरचेच तर आहेत." नेमके इथेच घरे तुटतात. कायद्याने मालक तोच ज्याचे नाव आरसीवर. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितले : गाडी हातोहात विकली गेली होती, पण नोंद पहिल्याच्याच नावावर होती, म्हणून अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. म्हणजे पोर तुमचे, धडक त्याच्या हातून, आणि कोर्टाची नोटीस मामूला. लेन-देन लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला नवी नाही. ती नातेवाइकांवर अविश्वास म्हणून नाही, नाते टिकावे म्हणून आहे.

विकणाऱ्याच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३०, आरसी, विमा, पीयूसी आणि दोघांची ओळखपत्रे घेऊन ट्रान्सफरचा अर्ज करायचा. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे (परराज्यातली असेल तर ४५) आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. पैसे बँकेतून द्या. टोकन दिले तर पावतीवर लिहून घ्या की कागदात खोट निघाली तर पैसे परत. डीलरकडून घेत असाल तर विचारा, आरटीओचे अधिकारपत्र आहे का? एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना ते घ्यायचा नियम आहे.

गाडी कोणाच्या नावावर?

भाऊ म्हणाला, "माझ्या नावावर कर." मी नको म्हटले. एक तर तो कुवेतला. सही, ओटीपी, प्रत्येक कामाला अडचण. दुसरे कारण विम्याचे. पॉलिसीत मालक-ड्रायव्हरचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो मालक स्वतः गाडी चालवत असेल तर त्याला लागू होतो. गाडी भावाच्या नावावर आणि चालवणार लेक, तर हे कवच तिला नाही. अठरा पूर्ण झाल्यावर मुलगी स्वतः मालक होऊ शकते. गाडी तिच्याच नावावर केली.

थर्ड पार्टी विमा तर सक्तीचाच. जून २०२२ पासूनच्या दराने एक हजार सीसीपर्यंतच्या गाडीला २,०९४ रुपये आणि दीड हजार सीसीपर्यंत ३,४१६ रुपये, वर जीएसटी लागत असेल तो. पण नव्या ड्रायव्हरला फक्त थर्ड पार्टीवर ठेवू नका. पहिल्या वर्षी पत्रा घासणारच. गाडीच्या नुकसानीचाही विमा घ्या.

गाडी आली, आता खरे काम

आम्ही शेवटी २०१७ ची टियागो घेतली, वरचे व्हेरिएंट, दोन एअरबॅग, एबीएस, ६२ हजार किलोमीटर, अडीच लाखांत. या मॉडेलला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपमध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले होते. आल्याबरोबर टायर आणि ब्रेक पॅड बदलले.

पहिले तीन महिने घरचे नियम केले आणि कागदावर लिहून फ्रिजला लावले. रात्री आठनंतर एकटीने नाही. धो-धो पावसात घाट नाही; थांबायचे आणि फोन करायचा. फोन डिकीतल्या पर्समध्ये. मैत्रिणी एका वेळी एकच, आणि मागे बसणाऱ्यालाही बेल्ट. घाट ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचा, नुसत्या ब्रेकवर नाही. ब्रेक तापला की पाय दाबूनही गाडी थांबत नाही. चढावर हँड ब्रेकवरून गाडी उचलायचा सराव मी तिच्याकडून रिकाम्या मैदानाच्या उतारावर पन्नास वेळा करून घेतला. तिला राग आला. आला तर आला.

आणखी एक नियम मोठ्यांसाठी : ती गाडी चालवत असताना घरून कोणी फोन करायचा नाही. वहिनीला हे सगळ्यात जड गेले. आता पुतणी निघताना एक मेसेज टाकते, पोचल्यावर एक. मधला पाऊण तास आम्ही घड्याळाकडे बघतो, फोनकडे नाही.

अल्लाह सगळ्यांच्या मुलांना सलामत ठेवो. पण टायरमधली हवा दर आठवड्याला आपणच बघायची.